दुसऱ्या महायुद्धातली, शत्रूच्या ताब्यातल्या मुलखात राहून काम केलेली अशी कोणती स्त्री हेर आहे, जिचं नाव आपल्याकडे फारसं कुणाला माहीत नाही?

नूर इनायत खानचं नाव इथे कोणी ना कोणी देईलच, टिपू सुलतानाच्या वंशातली वगैरे, आणि ते योग्यच आहे. पण तुम्ही विचारलंय फारशी माहीत नसलेली, आणि वर लिहिलंय की शत्रूच्या ताब्यातल्या मुलखात राहून काम केलेली हवी. तर माझं उत्तर जानी रूसो. (राजकुमारचा 'जानी' नव्हे, फ्रेंच नाव आहे. आणि तत्त्वज्ञ रूसोशी माझ्या माहितीत तरी काही नातं नाही.)

माझा तिच्यात जीव अडकायचं कारण जरा स्वार्थी आहे. मी जर्मनची दुभाषी आहे, पुण्यात शिकले आणि गेली बरीच वर्षं चाकण, रांजणगाव इकडच्या कारखान्यांत जर्मन पाहुणे आले की बोलावणं येतं. आता दुभाष्याचं कसं असतं, की पहिली दहा मिनिटं सगळे अदबीने वागतात आणि नंतर तुम्ही त्या खोलीतल्या पंख्यासारखे होता. चालू आहे ना, बास. जेवायच्या सुट्टीत माझ्या डाव्या हाताला दोन जर्मन बसून किंमत अजून किती खाली आणता येईल ते बोलत असतात आणि उजव्या हाताला आपले साहेब कोणाला काढायचं ते मराठीत बोलत असतात आणि मी मधे बसून वरणभात खाते, आणि दोन्हीकडचं सगळं कळत असतं. (मी काही फोडत नाही हां, पोटापाण्याचा प्रश्न आहे.) जानीची सगळी हेरगिरी ह्या एवढ्याशा गोष्टीवर उभी होती. पिस्तूल नाही, पॅराशूट नाही, वायरलेस पण नाही. तिला जर्मन फर्मास येत होती आणि ती समोर बसलेली असायची.

जन्म 1 एप्रिल 1919, ब्रिटनी ह्या फ्रान्सच्या वायव्येकडच्या प्रांतातल्या सँ-ब्रियोचा. पॅरिसला सियांस पो म्हणून नामांकित संस्था आहे राज्यशास्त्राची, तिथून 1939 ला वर्गात पहिली येऊन बाहेर पडली. पुढच्याच वर्षी जर्मनांनी फ्रान्स घेतला. घरचे लोक ब्रिटनीच्या किनाऱ्यावर दिनार नावाच्या गावी जाऊन राहिले होते, वडिलांना वाटलं की इतक्या लांब जर्मन काही यायचे नाहीत. आले, आणि हजारोंनी आले, कारण समोर समुद्र आणि पलीकडे इंग्लंड, स्वारीची तयारी तिथूनच चाललेली. दिनारच्या महापौराला जर्मनांशी बोलायला कोणीतरी हवं होतं आणि वडील म्हणाले माझी मुलगी येईल. वय 21.

ती अधिकाऱ्यांना आवडली. आपल्या देशापासून लांब आलेली माणसं, त्यात एक हुशार फ्रेंच मुलगी त्यांच्या भाषेत गप्पा मारणारी, मग काय, नावं, आकडे, कोण कुठे चाललंय, सगळं बोलण्यात यायचं. थोड्या दिवसांनी जवळच्या गावाचा एक माणूस भेटला आणि त्याने विचारलं की जे ऐकतेस ते आम्हाला देशील का. ती लगेच हो म्हणाली. पुढे तिने सांगितलंय की एवढं सगळं कळून पुढे द्यायचंच नसेल तर कळण्याचा उपयोग काय! मला हे वाक्य फार आवडतं कारण त्यात देशभक्तीचा ढोल नाहीये.

इंग्लंडला दिनारची माहिती इतकी बारीक जायला लागली की जर्मनांना शंका आली, आणि जानेवारी 1941 मध्ये गेस्टापोने (जर्मनांचे गुप्त पोलिस) तिला उचलून रेनच्या तुरुंगात टाकलं. आता गंमत बघा. चौकशीत दिनारचे जर्मन अधिकारीच म्हणाले की ही? छे हो, ही पोर कसली हेर असणार. पुरावा नाही म्हणून सोडली, फक्त किनाऱ्याच्या भागात राहायचं नाही एवढी अट. इथे शहाणा माणूस थांबला असता. ही पॅरिसला गेली आणि अशी नोकरी शोधली की जिथे अजून मोठे जर्मन भेटतील.

ती नोकरी म्हणजे फ्रेंच उद्योगपतींच्या एका संघटनेत. काम काय तर जर्मन लष्कराचं मुख्य ठाणं असलेल्या माजेस्टिक हॉटेलात जायचं, ह्यांचा माल त्यांनी जप्त केला त्याची तक्रार, त्यांना पोलाद हवं, रबर हवं त्याचे व्यवहार, असलं सगळं. म्हणजे रोज जाणं-येणं. ती माहिती गोळा करत राहिली, पण द्यायची कोणाला हा प्रश्नच होता. मग एकदा विशी नावाच्या गावी (जर्मनांशी जुळवून घेतलेलं फ्रेंच सरकार तिथे होतं) जाणाऱ्या रेल्वेत तिला विद्यापीठातला ओळखीचा भेटला, जॉर्ज लामार्क, गणिताचा माणूस. ह्याला तिचं जर्मन आठवत होतं. तो 'द्रुइद' नावाचं हेरांचं जाळं बांधत होता, जे 'आलियान्स' नावाच्या मोठ्या संघटनेचा भाग होतं. (आलियान्सची प्रमुख पण बाईच, मारी-मादलेन फुर्काद. तिच्या हेरांना प्राण्यापक्ष्यांची नावं, म्हणून जर्मन त्यांना 'नोहाची नौका' म्हणायचे. सुमारे 3 हजार माणसं होती आणि त्यातली 400 हून जास्त मेली. तिच्यावर वेगळं उत्तर होईल.) जानीला नाव मिळालं आम्निआरिक्स.

आता मुख्य गोष्ट. 1943 मध्ये पॅरिसमधे तिला तिचे दिनारचे जुने ओळखीचे अधिकारी परत भेटले, आणि त्यांच्यामुळे त्यांचे मित्र. आव्हेन्यू ऑशवरच्या एका घरी ते संध्याकाळी जमायचे, प्यायचे, बोलायचे आणि काही जण गुप्त शस्त्रांच्या कामावरचे होते. ती तिथे जाऊन बसायची. लोकांना लगेच माता हारी (पहिल्या महायुद्धातली, रूपाच्या जोरावर हेरगिरी केल्याचा आरोप झालेली नर्तकी) सुचते, तर तसलं काही नव्हतं, तिने स्वतःच स्पष्ट सांगितलंय. तिची पद्धत वेगळीच होती, ती त्यांना खोटं पाडायची. म्हणजे कोणी म्हणाला की आमच्याकडे असं अस्त्र येतंय जे विमानापेक्षा कितीतरी वेगाने शेकडो किलोमीटर जाईल, की ही डोळे मोठे करून म्हणणार, काहीतरीच काय, वेड लागलंय का, हे शक्यच नाही. परत परत तेच, शंभरदा म्हणाले असेन असं ती सांगायची. शेवटी एकाला राहवलं नाही आणि त्याने थेट कागदच काढून दाखवले, नकाशे, आराखडे.

मला हे वाचून हसूही आलं आणि काटाही आला, कारण हे मी पाहिलंय! 'हे जमणार नाही तुमच्याकडून' एवढं म्हटलं की इंजिनियर माणूस दुपारभर फळ्यावर आकृत्या काढून दाखवतो, जर्मन असो नाहीतर सदाशिव पेठेतला.

तिला त्यातली तांत्रिक बाजू कळत नव्हती, हे तिनेच सांगितलंय. रॉकेट कशाशी खातात हे माहीत नाही. पण डोकं स्पंजसारखं, कानावर पडलेलं जसंच्या तसं बसायचं. आणि मला वाटतं दुभाषी असण्याचा खरा फायदा इथे झाला, कारण आमच्या कामात न समजलेलं वाक्यही अख्खं डोक्यात धरून पलीकडे न्यावं लागतं, आपली अक्कल मधे न घालता. तिथून निघाली की ती र्‍यू फाबेरवरच्या लामार्कच्या लपायच्या घरी जायची आणि शब्दन् शब्द कागदावर उतरवायची. हे अस्त्र सोडणाऱ्या तुकडीचा प्रमुख कर्नल वाख्टेल, त्याची ती 155 डब्ल्यू नावाची रेजिमेंट, बाल्टिक किनाऱ्यावरचं पेनेम्युंडे हे गुप्त अस्त्रांच्या चाचण्यांचं ठाणं, तिथे आत जायला कोणत्या रंगाचे पास लागतात इथपर्यंत. 50 ते 100 बॉम्बमध्ये लंडन उद्ध्वस्त होईल असा त्यांच्या तज्ज्ञाचा अंदाज होता, तोही.

हा अहवाल लंडनला वैज्ञानिक हेरखात्याचा प्रमुख आर. व्ही. जोन्स ह्याच्या टेबलावर गेला. तो बघून उडालाच, कारण माहिती इतकी नेमकी की रचलेली तर नाही ना अशी शंका यावी. त्याने विचारलं हे पाठवतंय कोण. उत्तर आलं, आपल्या पिढीतल्या अत्यंत विलक्षण तरुणींपैकी एक. एवढंच.

इथे एक खुलासा. नेटवर बऱ्याच ठिकाणी लिहिलेलं असतं की तिच्यामुळे ब्रिटिशांनी पेनेम्युंडेवर हल्ला केला. तो हल्ला 17-18 ऑगस्ट 1943 च्या रात्री झाला, जवळजवळ 600 विमानं होती, पण त्याच्यामागे इतर बरीच माहिती होती, हवाई फोटो होते, आणि तिचा सगळ्यात गाजलेला वाख्टेलवाला अहवाल लंडनला पोचला तो त्या हल्ल्यानंतर. म्हणून तिचं काम कमी होत नाही. उडता बॉम्ब व्ही-1 कोणती तुकडी कशी सोडणार हे त्यातून कळलं, आणि उत्तर फ्रान्समधे सोडायच्या जागा शोधून त्यांच्यावर बॉम्ब टाकायचं काम पुढे कित्येक महिने चाललं. पहिला व्ही-1 लंडनवर पडला 13 जून 1944 ला, म्हणजे दोस्तांच्या फौजा नॉर्मंडीला उतरल्यावर आठवड्याने. दोस्तांचा सरसेनापती आयझेनहॉवर ह्याने नंतर लिहिलंय की ही अस्त्रं जर्मनांना सहा महिने आधी मिळाली असती तर ते उतरणं फारच कठीण, कदाचित अशक्य झालं असतं.

जानी आणि लामार्क दोघंही त्या वर्षी पकडले गेले. एप्रिल 1944 मध्ये ब्रिटिशांनी तिला बोटीने इंग्लंडला न्यायचं ठरवलं, समोरासमोर बसून सगळं विचारून घ्यायला. ब्रिटनीत त्रेगिएला ती पकडली गेली. तिला सोबत घेऊन सैनिक त्या घराकडे निघाले जिथे बाकीचे थांबले होते, आणि ही रस्त्याने जर्मनमधे मोठमोठ्याने बोलत निघाली. आतल्यांनी ऐकलं आणि निदान एक जण तरी निसटला. परत भाषाच! लामार्क त्याच वर्षी सप्टेंबरमधे पकडला गेला आणि त्याला गोळ्या घातल्या. पहिलं व्ही-2 रॉकेट लंडनवर पडलं तेही त्याच महिन्यात.

जानीला रावेन्सब्र्यूक छळछावणीत पाठवलं. अटकेत तिने नाव दिलं होतं मादलेन शोफूर. छावणीत नाव विचारलं तेव्हा तिने खरं सांगितलं, रूसो. हेरगिरीची फाइल शोफूरच्या नावाने वेगळी फिरत होती आणि जर्मनांच्या कारकुनीला, जी म्हणे जगात भारी, ह्या दोघी एकच आहेत हे शेवटपर्यंत कळलं नाही. कळलं असतं तर त्याच दिवशी संपली असती.

तिथून तोरगाऊच्या दारूगोळ्याच्या कारखान्यात. तिथे तिने काय करावं, तर छावणीच्या प्रमुखासमोर उभं राहून अस्खलित जर्मनमधे सांगितलं की आम्ही युद्धकैदी आहोत, जिनिव्हा करारानुसार तुम्ही आमच्याकडून शस्त्रं बनवून घेऊ शकत नाही. आजवर गप्प राहून ऐकणारी मुलगी इथे बोलली! मला खरंच प्रश्न पडतो की हे शहाणपणाचं होतं का, लक्ष वेधून घेतलं, शिक्षा ओढवून घेतली. परत रावेन्सब्र्यूक, मग क्योनिग्सबेर्ग नावाची शिक्षेची छावणी, थंडीत उघड्यावर मजुरी. तिथून टायफसच्या रुग्णांना नेणाऱ्या ट्रकमधे लपून ती परत रावेन्सब्र्यूकला आली, म्हणजे रावेन्सब्र्यूक बरं वाटावं असं ते ठिकाण असणार. 1945 मध्ये युद्ध संपता संपता स्वीडिश रेडक्रॉसने बाहेर काढली तेव्हा क्षयाने मरायला टेकली होती.

बरी व्हायला आरोग्यधामात ठेवलं तिथे आंरी द क्लारान्स भेटला, तो आउशवित्झ आणि बुखेनवाल्डमधून वाचलेला. दोघांनी लग्न केलं. आणि मग ती जवळजवळ पन्नास वर्षं गप्प. पुरस्कार मिळाले, 1955 ला लेजिओं दॉनर हा फ्रान्सचा सर्वोच्च सन्मान, 1993 ला अमेरिकेच्या सीआयएने पदक दिलं, त्या समारंभाला म्हातारा जोन्सही होता. पण सविस्तर अशी ती बोलली 1998 मध्ये, एका अमेरिकन पत्रकाराशी. त्याने विचारलं हे सगळं का केलंत, तर तिचं म्हणणं असं की त्यात ठरवण्यासारखं काही नव्हतं, ते करायचंच होतं, आणि तेव्हा आम्हाला सगळ्यांना वाटायचं की आपण मरणारच आहोत. 23 ऑगस्ट 2017 ला गेली, 98 वर्षांची होऊन.

बहिर्जी नाईकांचं नाव आपल्याकडे शाळेतल्या पोरालाही माहीत असतं आणि त्यांनी काय ऐकलं, कुठे बसून ऐकलं हे विचाराल तर सगळे वेषांतरावर घसरतात. जानीला वेषही बदलावा लागला नाही. युद्धानंतर तिने काय काम केलं माहितीये? दुभाषी. संयुक्त राष्ट्रांसाठी आणि इतरांसाठी, फ्रीलान्स.