लायसन्स कॉलेजचं, काम कंपनीचं आणि वसुली पगारातून

प्रश्न: मी एका लहान सॉफ्टवेअर कंपनीत प्रोग्रॅमर आहे. रुजू झालो तेव्हा रोजच्या कामाला लागणाऱ्या आयडीईचं (कोड लिहायच्या आणि तपासायच्या टूलचं) व्यावसायिक लायसन्स कंपनीकडे नव्हतं. मालकांना विचारलं, तर व्हॉट्सअ‍ॅपवर उत्तर आलं, ‘कॉलेजच्या ईमेलवरचं तुझं स्टुडंट लायसन्स चालू आहे ना, सध्या तेच वापर. एवढे पैसे आत्ता परवडत नाहीत.’ आता टूल बनवणाऱ्या कंपनीचा ईमेल आला आहे. विद्यार्थी परवाना व्यवसायासाठी वापरला गेल्याचं त्यांना दिसलं असून, मागच्या काळासह रीतसर परवाने घ्या, असं ते म्हणतात. मालक म्हणतात, अकाउंट तुझं, तेव्हा रक्कम तुझ्या पगारातून कापणार. ‘कंपनीला न कळवता स्वतःच्या मर्जीने वापरलं’ असं लिहून द्यायला आणि लॅपटॉप फॉरमॅट करायला सांगत आहेत. नाहीतर रिलीव्हिंग लेटर मिळणार नाही. मला अटक होईल का? सही करू का? आणि त्या टूलवर लिहिलेल्या कोडवर टूलवाल्यांचा हक्क येतो का?

उत्तर: सही करू नका आणि लॅपटॉपही फॉरमॅट करू नका. बाकीचं सावकाश बोलता येईल, पण या दोन गोष्टी आजच पक्क्या करा. एकदा केल्या की त्या निस्तरणं फार अवघड जाईल.

मालकांना तो कागद इतक्या घाईने का हवा आहे, ते आधी पाहा. कॉपीराइट कायदा, १९५७ च्या कलम ६९ नुसार कंपनीकडून गुन्हा घडला, तर त्या वेळी कंपनीचा कारभार ज्याच्या हाती होता तोही दोषी धरला जातो. हे कलम भागीदारी फर्मलाही लागू आहे, त्यामुळे ‘आमची कंपनी छोटी’ ही सबब तिथे चालत नाही. यातून सुटायची वाट त्याच कलमात आहे. गुन्हा आपल्या नकळत घडला किंवा तो घडू नये म्हणून आपण योग्य ती खबरदारी घेतली होती, हे त्या व्यक्तीने सिद्ध करायचं. तुमच्याकडून मागितलेलं वाक्य या वाटेवर नेमकं बसतं. म्हणजे तुमची सही ही त्यांची ढाल होणार आणि तुमच्याविरुद्धचा पुरावाही. शिवाय ते वाक्य धडधडीत खोटं आहे, हे तुमच्या फोनमधला मेसेजच सांगतो. दबावाखाली सही केली, असं उद्या म्हणता येतं, पण ते सिद्ध करायची जबाबदारी तुमच्यावर येते. ती वेळच कशाला येऊ द्यायची?

आता अटकेबद्दल, कारण झोप त्यानेच उडाली असणार. कॉपीराइट कायद्यात संगणकीय प्रोग्रॅम ही साहित्यकृती धरली आहे. कलम ६३ ब प्रमाणे, अनधिकृत प्रत आहे हे माहीत असूनही ती संगणकावर वापरली, तर किमान सात दिवस ते तीन वर्षं कैद आणि ५०,००० ते २ लाख रुपये दंड होऊ शकतो. क्रॅक केलेलं सॉफ्टवेअर सरळ या कलमात येतं. तुमची प्रत मात्र अस्सल होती. ती टूल बनवणाऱ्या कंपनीच्याच साइटवरून, रीतसर अकाउंटने उतरवलेली आहे. भंग झाला तो अटीचा, म्हणजे व्यवसायासाठी न वापरण्याच्या. त्यामुळे ६३ ब लागू होत नाही, असा युक्तिवाद करायला भक्कम जागा आहे.

पण म्हणून निर्धास्त राहू नका. कलम ५१ मध्ये परवान्याच्या अटींचा भंग करून केलेली कृतीही कॉपीराइटचा भंग ठरू शकते, आणि जाणूनबुजून भंग केल्याबद्दल कलम ६३ आहेच. हा गुन्हा दखलपात्र आणि अजामीनपात्र असल्याचं सर्वोच्च न्यायालयाने २०२२ मध्ये स्पष्ट केलं आहे. तरीही अशा प्रकरणात लगेच बेड्या पडतात असं समजू नका. सात वर्षांपर्यंतच्या शिक्षेच्या गुन्ह्यात अटक का गरजेची आहे, याची कारणं पोलिसांना नोंदवावी लागतात. गरज नसेल तर भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ३५ खाली हजर राहण्याची नोटीस द्यावी लागते. तशी नोटीस आली तर ती टाळू नका, मात्र एकटे जाऊ नका, वकिलाला बरोबर घेऊन जा. माझ्या मते इथवर गोष्ट जाणार नाही. टूलवाल्यांना तुम्हाला कोठडीत टाकायचं नाही, कंपनीकडून परवान्याचे पैसे हवे आहेत. त्यांच्या ईमेलची भाषाही तीच आहे.

तुमची कच्ची बाजूही सांगतो. विद्यार्थी परवाना घेताना ‘फक्त शिक्षणासाठी, व्यवसायासाठी नाही’ या अटीवर तुम्ही ‘मान्य’ म्हणून क्लिक केलं होतं. तो करार तुमच्या नावावर आहे. कदाचित नियुक्तीपत्रातही ‘अनधिकृत सॉफ्टवेअर वापरणार नाही’ असं वाक्य असेल. ते काढून वाचा, कारण मालक तेच पुढे करतील. त्यावर तुमचं उत्तर एकच, की हे मालकांच्या सांगण्यावरून झालं. म्हणून तो मेसेज जिवापाड जपा. नुसता स्क्रीनशॉट पुरत नाही. चॅट एक्स्पोर्ट करून ठेवा, तो फोन विकू नका की रीसेट करू नका. भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ खाली इलेक्ट्रॉनिक पुराव्यासोबत प्रमाणपत्र जोडावं लागतं, आणि मूळ फोन हाताशी असला की ते काम सोपं होतं. लॅपटॉपचंही तसंच. तो कंपनीचा असला तरी नोटीस आल्यानंतर तुमच्या हाताने पुसला गेला, तर पुरावा नष्ट केल्याचा वेगळाच गुन्हा अंगावर येऊ शकतो.

पगारकपातीचा विषय मला जास्त महत्त्वाचा वाटतो, कारण ‘टूलचे पैसे तूच भर’ हे दडपण अनेक तरुण प्रोग्रॅमर निमूट सोसतात. वेतन संहिता, २०१९ च्या कलम १८ मध्ये पगारातून काय कापता येतं याची यादी आहे. तिच्याबाहेरचं काही कापता येत नाही. यादीत नुकसानभरपाई आहे, पण ती कर्मचाऱ्याच्या ताब्यात विश्वासाने दिलेल्या मालाची किंवा हिशेब द्यायच्या पैशांची, आणि तीही त्याच्या हलगर्जीपणामुळे झालेल्या नुकसानापुरती. त्याआधी त्याचं म्हणणं ऐकून घ्यावं लागतं. कंपनीने परवाना घेतलाच नाही, त्याची किंमत या चौकटीत कुठेच बसत नाही. त्या परवान्यावर जे तयार झालं ते कंपनीने ग्राहकाला विकलं. कॉपीराइट कायद्याच्या कलम १७ प्रमाणे, वेगळा करार नसेल तर नोकरीत लिहिलेल्या कोडची मालकी मालकाची असते. मालकी त्यांची, तर त्यासाठी लागणाऱ्या अवजाराचा खर्चही त्यांचाच.

कोडवर टूलवाल्यांचा हक्क येत नाही. परवान्याचा भंग झाला म्हणून तुम्ही लिहिलेलं त्यांचं होत नाही. अपवाद एवढाच, की टूलने स्वतःची लायब्ररी (तयार कोडचा संच) किंवा टेम्प्लेट तुमच्या प्रोग्रॅममध्ये मिसळलं असेल, तर त्या तुकड्याच्या अटी वेगळ्या वाचाव्या लागतात. जीसीसी या कंपायलरसाठी, म्हणजे लिहिलेल्या कोडचा चालणारा प्रोग्रॅम बनवणाऱ्या टूलसाठी, म्हणूनच खास सूट लिहिलेली आहे. तिच्यामुळे त्यातून तयार झालेल्या प्रोग्रॅमला जीपीएल या मुक्त सॉफ्टवेअरच्या परवान्याची बंधनं आपोआप लागत नाहीत.

‘परवडत नाही’ हे कारण प्रामाणिक असेल, तर कायदेशीर वाटा होत्या आणि आहेत. मायक्रोसॉफ्टच्या व्हिज्युअल स्टुडिओ या आयडीईची कम्युनिटी आवृत्ती लहान संस्थेत पाच जणांपर्यंत व्यवसायासाठीही मोफत वापरता येते. संस्थेत २५० पेक्षा जास्त संगणक असतील किंवा वार्षिक उत्पन्न दहा लाख डॉलरच्या वर असेल, तर ही सवलत नाही. व्हीएस कोड हा कोड लिहायचा एडिटर व्यवसायासाठीही मोफत आहे, पण त्यात बसवलेल्या प्रत्येक एक्स्टेन्शनचा (जोड-प्रोग्रॅमचा) परवाना वेगळा वाचावा लागतो. जेटब्रेन्स या टूल बनवणाऱ्या कंपनीने २०२४ मध्ये वेबस्टॉर्म आणि रायडर हे आयडीई मोफत केले, ते फक्त बिगर-व्यावसायिक वापरासाठी, त्यामुळे तुमच्या ऑफिसात ते चालणार नाहीत. त्यांचं सलग वर्षभराचं वर्गणी-लायसन्स घेतलं, तर नंतर वर्गणी थांबवूनही एक ठरावीक जुनी आवृत्ती कायम वापरता येते. लहान कंपनीला हे सोयीचं आहे. मात्र एक जपा. त्यांचं स्वस्त असलेलं वैयक्तिक लायसन्स तुम्ही स्वतःच्या पैशाने घेऊन ऑफिसात वापरू शकता, पण ते पैसे कंपनीने तुम्हाला परत दिले की अट मोडते. ‘तू घे, मी नंतर देतो’ असा प्रस्ताव आला तर नाही म्हणा.

आजच मालकांना ईमेल करा. भाषा साधी असू द्या: ‘आपल्या अमुक तारखेच्या मेसेजमधील सूचनेनुसार मी विद्यार्थी परवाना ऑफिसच्या कामासाठी वापरला. आजपासून तो वापर मी थांबवला आहे. कामासाठी योग्य परवाना उपलब्ध करून द्यावा. लॅपटॉपवरील माहिती आहे तशी ठेवली आहे. वेतनातून कपात करण्यास माझी संमती नाही.’ यापुढे एक शब्दही जोडू नका आणि टूलवाल्यांना परस्पर काही लिहू नका. वकिलाने मसुदा पाहिल्याशिवाय तर मुळीच नाही. स्टुडंट अकाउंट डिलीटही करू नका.

नोकरी सोडायची असेल, तर राजीनामाही ईमेलनेच द्या. वेतन संहितेप्रमाणे नोकरी संपल्यावर दोन कामकाजाच्या दिवसांत थकीत वेतन चुकतं करावं लागतं. रिलीव्हिंग लेटर अडवलं, तरी नियुक्तीपत्र, पगाराच्या पावत्या, बँकेच्या नोंदी आणि स्वीकारलेला राजीनामा एवढ्यावर नोकरी केल्याचं दाखवता येतं. ते सगळं ऑफिसचा ईमेल बंद व्हायच्या आत स्वतःकडे उतरवून घ्या. ग्राहकाचा कोड किंवा कंपनीची गोपनीय कागदपत्रं मात्र सोबत आणू नका. पगार अडकला तर वेतन संहितेखालच्या प्राधिकाऱ्याकडे दावा करता येतो.