गरजू कुटुंबाला मदत करताना त्यांना मिंधेपणा वाटू नये म्हणून काय करावं?

ओळखीच्या घरातली कमाई बंद झालीय, मदत करायचीय, पण त्यांना अपमान वाटेल म्हणून तुमचा हात आखडतोय, असं तुम्ही लिहिलंय. मी घेणाऱ्यांच्या रांगेत उभा राहिलेला माणूस आहे, म्हणून सांगतो.

पाचवीत असताना एका संस्थेने आम्हाला दप्तरं वाटली. दप्तर छान होतं, पण मागे ठळक अक्षरांत देणगीदाराचं नाव. रंग खरवडून निघेना, तेव्हा आईने त्यावर जुन्या पँटचा खिसा शिवला. फोटोसाठी आम्हाला दोनदा उभं केलं होतं. पहिल्या वेळी म्हणे कोणी हसलंच नाही!

तेव्हा आधी साक्षीदार टाळा. बाराव्या शतकातल्या मायमोनिडीझ या ज्यू विचारवंताने दानाच्या 8 पायऱ्या सांगितल्या. देणारा-घेणारा एकमेकांना ठाऊकच नसणं ही वरून दुसरी. सगळ्यात वरची म्हणजे कर्ज, भागीदारी किंवा काम देऊन हात पसरायची वेळच येऊ न देणं. फक्त काम खरं असावं. उगाच काढलेलं काम लगेच कळतं.

जमलं तर रोख द्या. वस्तू दिली की त्यांची गरज तुम्ही ठरवता. पैसे व्यसनात उडतील ही भीती सगळ्यांनाच असते, पण 2014 मध्ये वर्ल्ड बँकेने अनेक देशांतले अभ्यास तपासले, तेव्हा रोख मदतीने दारू-तंबाखूवरचा खर्च वाढल्याचं जवळजवळ कुठेच दिसलं नाही. दिल्यावर हिशेब मागू नका. अंगावर नवा शर्ट दिसला तरी गप्प बसा. साध्या मजुरालाही लिननच्या शर्टाशिवाय चारचौघांत जायची लाज वाटेल, हे अर्थशास्त्रज्ञ अ‍ॅडम स्मिथने 1776 मध्येच लिहून ठेवलंय.

"काही लागलं तर सांगा" हे वाक्य मात्र नको. मागायचं ओझं पुन्हा त्यांच्यावरच पडतं. "या महिन्याची फी मी भरू का, की आधी दुसरं काही निकडीचं आहे?" असं एकट्यात विचारा. नको म्हणाले तर आग्रह करू नका.

उसने मागितले तर उसनेच द्या, आणि परत आणले तर "राहू द्या हो" म्हणू नका. माझ्या वडिलांनी शेजाऱ्यांचे पैसे चार वेळा थोडे थोडे करून फेडले. शेवटच्या वेळी शेजाऱ्यांनी नोटा मोजून घेतल्या. घरी आल्यावर वडील आईला तेच सांगत होते, "मोजून घेतले त्यांनी."