तो कार्बन कुणाचा?

प्रिय मुली,

उत्प्रेरकावर उजेड पाडून कार्बन डायऑक्साइडचा मिथेन करायचा तुझा प्रयोग. पण आर्गॉनमध्ये घेतलेल्या ब्लँकलाही, म्हणजे कार्बन डायऑक्साइड न सोडता केलेल्या चाचणीलाही, मिथेनचा पीक (आलेखातलं टोक) येतोय, आणि तो पेपरमध्ये दाखवायचा की नाही असं तू विचारतेस. तुझे गाईड म्हणतात, कार्बन डायऑक्साइड सोडल्यावर तो तिप्पट होतो ना, मग ब्लँक वजा कर आणि पुढे चल. पण वजा करायचं तर आपण काय वजा करतोय ते माहीत हवं. तो कार्बन कुणाचा?

टायटॅनियम आयसोप्रोपॉक्साइड आणि ॲसेटिक ॲसिड घेऊन तू सोल-जेलने (द्रावणाचं जेल करून) टायटॅनियाचा, म्हणजे टायटॅनियम डायऑक्साइडचा, उत्प्रेरक केलास. ४५० अंशांना भाजल्यावर पावडर पांढरीशुभ्र झाली, म्हणजे सेंद्रिय सगळं जळालं असं तू धरून चाललीस. पांढरा रंग हा पुरावा नाही. ॲसिटेट, फॉर्मेट, कार्बोनेट अशी कार्बनची संयुगं पृष्ठभागाला चिकटून राहतात; भट्टीतून काढल्यावर प्रयोगशाळेच्या हवेतूनही येऊन बसतात. प्लॅटिनम लावलेल्या टायटॅनियावर उजेड पाडला की ॲसेटिक ॲसिडातून मिथेन निघतो, हे क्रॉयटलर आणि बार्ड यांनी १९७८ साली दाखवलं. पुढच्याच वर्षी इनोउए, फुजिशिमा, कोनिशी आणि होंडा यांनी पाण्यात अर्धवाहकांची पावडर ढवळून, त्यात कार्बन डायऑक्साइड सोडून, उजेडात फॉर्मिक ॲसिड, फॉर्माल्डिहाइड, मेथेनॉल मिळवल्याचं प्रसिद्ध केलं. त्या दुसऱ्या पेपराचा दाखला सगळे देतात. पहिला आपल्या क्षेत्रातली मुलं उघडूनही बघत नाहीत, याचा मला फार राग येतो. दोन्ही शेजारी ठेवून वाच.

कार्बन डायऑक्साइडच्या रेणूला एकटा इलेक्ट्रॉन द्यायचा तर उणे १.९ व्होल्ट लागतात. टायटॅनियाच्या कंडक्शन बँडमधले, म्हणजे उजेडाने वर उचललेले, इलेक्ट्रॉन उणे अर्ध्या व्होल्टच्या आसपास असतात; तेवढा जोर पुरत नाही. त्यातून मिथेनपर्यंत जायला आठ इलेक्ट्रॉन आणि आठ प्रोटॉन हवेत, आणि पाण्यातून हायड्रोजन सुटण्याची सोपी वाट शेजारीच उघडी. इतक्या अवघड जागी मिथेन पटकन मिळाला, तर मिठाई नंतर वाट. आधी विचार, तो कार्बन कुणाचा?

हे विचारायची रीत एकच आहे: कार्बन-१३ चा, म्हणजे कार्बनच्या जड समस्थानिकाचा, कार्बन डायऑक्साइड. जीसी-एमएसवर (कॉलममधून वायू वेगळे करून रेणूंचं वस्तुमान मोजणाऱ्या यंत्रावर) मिथेन १६ वरून १७ वर सरकला पाहिजे. पण १७ वर पाण्याचाही तुकडा येतो, म्हणून कॉलमवर पाणी मिथेनपासून वेगळं झालेलं दाखव. कार्बन मोनॉक्साइड असेल तर २९ बघ. २८ वर हवेतला नायट्रोजन बसलेला असतो. नेदरलँड्समधल्या गुइडो मुल यांच्या गटाने २०१० साली तांबं घातलेल्या टायटॅनियावर हेच करून पाहिलं, तर निघालेला कार्बन मोनॉक्साइड मुख्यतः साध्या कार्बन-१२ चा. आत कार्बन डायऑक्साइड होता, उजेड होता, पीकही होता; कार्बन मात्र अवशेषांचा. म्हणून 'तिप्पट झाला' हे उत्तर होत नाही. वायू बदलला की पृष्ठभागावर काय चालतं तेही बदलतं, आणि कार्बन डायऑक्साइड त्या जुन्या कार्बनशीच अभिक्रिया करू शकतो.

ऑक्सिजनही मोज. पाण्यातूनच इलेक्ट्रॉन येत असतील तर एका मिथेनमागे दोन ऑक्सिजन मिळायला हवेत. ते नसतील तर इलेक्ट्रॉन कुठून आले ते सांग. आणि पाच मिलिग्रॅम पावडर वापरून, २०० ने गुणून 'ग्रॅममागे तासाला इतके मायक्रोमोल' असा आकडा शीर्षकात घालू नकोस. सेलमध्ये, म्हणजे प्रयोगाच्या बंद भांड्यात, प्रत्यक्ष किती निघालं ते लिही.

माझ्या एका विद्यार्थ्याचं काम मी याच कारणासाठी अडवून धरलं होतं. लेबल केलेल्या, म्हणजे कार्बन-१३ च्या, वायूचा सिलिंडर यायला वेळ लागला, हिशेब जुळायला त्याहून जास्त. तोवर तसल्याच उत्प्रेरकावर दुसऱ्या कुणाचा पेपर आला, लेबलिंगशिवाय. याची फेलोशिप संपली. त्याच्या आईने फोन करून विचारलं, "मॅडम, अजून किती?" ते मला आजही टोचतं. नंतर तो औषध कंपनीत गेला, संशोधनाकडे परत आला नाही. लोक म्हणाले, मॅडमच्या हट्टापायी मुलगा गेला. पण त्याच्या प्रबंधातल्या प्रत्येक मायक्रोमोलचा पत्ता लागतो, आणि मी आजही त्याला तेच करायला लावीन. सही करताना मला दुसरं काही जमलंच नसतं.

'सगळेच असं करतात' हे वाक्य मला पुन्हा लिहू नकोस. ते तुझं नाही. कुणी सांगितलेलं नसताना तू आर्गॉनचा ब्लँक घेतलास, ती तू आहेस.

गाईडशी भांडू नकोस. त्यांच्या डोक्यावर प्रकल्पाचा अहवाल आहे, आणि ते वाईट माणूस नाहीत. त्यांना एवढंच म्हण: सर, रिव्ह्यूअर विचारेलच, तो कार्बन कुणाचा, तेव्हा आपल्याकडे उत्तर असू दे. सिलिंडर महाग आहे म्हणतील. तुझा सेल लहान आहे, वायू थोडाच लागतो. सगळी मापं साध्या वायूवर बसवून घे आणि लेबल केलेला फक्त शेवटच्या प्रयोगांना वापर. मागणी मात्र आजच टाक.

सिलिंडर येईपर्यंत पावडर ओल्या आर्गॉनमध्ये उजेडाखाली ठेव, मिथेन येणं थांबेपर्यंत. कितीही दिवस लागू देत. मगच कार्बन डायऑक्साइड सोड. त्यानंतर काहीच निघालं नाही, तर टायटॅनियावर उरलेल्या ॲसिटेटचं उजेडात काय होतं यावर तुझा पेपर होईल, आणि तो लिहायला मी तुझ्याबरोबर बसेन.

रविवारी दुपारी फोन कर. त्याआधी सगळे क्रोमॅटोग्राम (यंत्राचे आलेख) पाठव, अंधारातला आणि उत्प्रेरकाशिवायचा धरून.