वाचकांचे प्रश्न : वणव्यात गेलेल्यांचे स्मृतिस्थळ

प्रश्न : एप्रिल २०२१ मध्ये नागझिरा अभयारण्यात वणवा विझवताना तीन हंगामी वनमजुरांचा होरपळून मृत्यू झाला आणि दोघे गंभीर भाजले. आमच्या गावातील वाचनालयातर्फे अशा मजुरांसाठी स्मृतिस्थळ उभारण्याचा विचार सुरू आहे. त्यावर काय लिहावे, ते कोठे असावे, आणि वणव्यात मृत्यू पावलेल्या सामान्य ग्रामस्थांची नावेही त्यावर घ्यावीत का, याबाबत आमच्यात एकमत होत नाही. इतरत्र हे कसे केले गेले आहे?
— एक वाचक, गोंदिया जिल्हा

उत्तर : या संदर्भात मला अमेरिकेतील ॲरिझोना राज्यातल्या यार्नेल या गावाचे उदाहरण सर्वांत उपयुक्त वाटते, कारण तेथे वणव्यात मृत्यू पावलेल्यांपैकी बहुतेक जण आपल्याकडील अंगारी (वणव्यावर लक्ष ठेवणारे मजूर) किंवा वनमजुरांसारखेच हंगामी नेमणुकीवर होते. २८ जून २०१३ रोजी वीज पडून तेथील डोंगरात वणवा लागला. ३० जूनच्या दुपारी गडगडाटी वादळामुळे वारा उलटला, आणि प्रेस्कॉट शहराच्या अग्निशमन विभागातील ‘ग्रॅनाइट माउंटन हॉटशॉट्स’ या वीस जणांच्या पथकापैकी एकोणीस जण दाट झुडपांच्या एका खोलगट जागेत आगीने वेढले जाऊन मरण पावले. विसावा जण टेहळणीवर दुसरीकडे असल्यामुळे वाचला.

फिनिक्सहून प्रेस्कॉटला या एकोणीस जणांचे मृतदेह नेताना एकोणीस स्वतंत्र शववाहिका एकामागून एक निघाल्या होत्या आणि रस्त्याच्या दुतर्फा लोक तासन्‌तास उभे होते. त्यानंतर काही दिवसांतच हक्कांचा प्रश्न पुढे आला. एकोणीसपैकी तेरा जण हंगामी असल्याने, कायम नोकरीतील सहा जणांच्या कुटुंबांना मिळणारे काही लाभ त्यांच्या कुटुंबांना देता येत नाहीत, अशी भूमिका घेतली गेली आणि त्यावरून मोठा वाद झाला. आग मात्र नेमणुकीचा प्रकार पाहून आली नव्हती. म्हणून आपल्या मंडळाला माझा पहिला सल्ला असा की, दगड घडवायला देण्यापूर्वी आपल्याकडील मृत मजुरांच्या कुटुंबांना सानुग्रह रक्कम, विमा आणि वारसाला काम यांपैकी काय मिळाले व काय राहिले, याची विचारपूस करावी, आणि काही राहिले असेल तर त्यांच्या अर्जामागे गावाने उभे राहावे. हे न करता फलकाचे अनावरण केले, तर तो समारंभ घरच्यांपेक्षा पाहुण्यांचाच होतो, आणि हार-तुऱ्यांचा असा सोहळा आपण सर्वांनीच कधी ना कधी पाहिलेला आहे.

यार्नेलचे स्मारक राज्य सरकारने ३० नोव्हेंबर २०१६ रोजी उद्यानाच्या रूपात खुले केले. त्यात भव्य पुतळा नाही, पायवाट आहे. चढणीच्या या वाटेवर ठरावीक अंतराने एकेका जवानाचा छायाचित्रासह फलक दगडात बसवलेला असून, त्यावर तो कोण होता, कोठला होता हे थोडक्यात लिहिले आहे. चालणारा दम घेण्यासाठी थांबतो आणि थांबला की वाचतो. वाटेच्या शेवटी, जेथे मृत्यू झाले त्या जागेभोवती, दगडांनी भरलेल्या एकोणीस जाळ्या वर्तुळात मांडल्या आहेत. माथ्यावरील भिंतीपाशी देशभरातील अग्निशमन जवान आपापल्या दलाचे कापडी बिल्ले ठेवून जातात. जाऊन-येऊन सुमारे अकरा किलोमीटर चालावे लागते. कायम कोण आणि हंगामी कोण, असा फरक त्या वाटेवर कोठेही केलेला नाही.

आपल्याकडे जागेचा प्रश्न अधिक नाजूक आहे. नागझिरा हे अभयारण्य आणि व्याघ्र प्रकल्पाचा भाग असल्याने आत पक्के बांधकाम करण्याचा आग्रह धरू नये. चोरखमारा किंवा मंगेझरीसारख्या प्रवेशद्वाराच्या गावात, ग्रामपंचायतीच्या जागेवर, ठराव करून आणि वनविभागाला सोबत घेऊन काम करणे सोपे जाईल. शिवाय मजूर ज्या रस्त्याने कामावर जातात, तोच रस्ता तेथून जातो. फलकावर पूर्ण नाव, गाव, वय आणि ‘वणवा विझवताना’ हे दोन शब्द पुरेत. छायाचित्र लावायचे की नाही, हे घरच्यांनी ठरवावे.

ग्रामस्थांच्या नावांबद्दल विचाराल, तर ती जरूर घ्यावीत. ऑस्ट्रेलियातील व्हिक्टोरिया राज्यात ७ फेब्रुवारी २००९ च्या वणव्यांत १७३ जण मरण पावले आणि त्यांत बहुतांश साधे रहिवासी होते. त्यांच्या आठवणीसाठी जगभरच्या लोहारांनी घडवलेल्या धातूच्या पानांचे एक मोठे झाड तेथे उभारले आहे. फक्त एवढे पाहावे की, आग विझवायला गेलेला आणि आगीत सापडलेला, दोघांची नोंद ज्याच्या त्याच्या हकिकतीसह व्हावी.

दिवसाबाबतही आपण विचारात पडला असाल. १४ एप्रिल हा अग्निशमन सेवा दिन १९४४ च्या मुंबई गोदीतील स्फोटात गेलेल्या ६६ अग्निशमन जवानांच्या स्मरणार्थ पाळला जातो. ११ सप्टेंबर हा राष्ट्रीय वन शहीद दिन आहे. दोन्ही दिवस योग्यच, परंतु सप्टेंबरात जंगल ओले असते आणि एप्रिलमध्ये मजूर आगीवर धावत असतात. माझ्या मते वणव्याचा हंगाम १५ फेब्रुवारीला सुरू होण्यापूर्वी, जाळरेषा (आग पसरू नये म्हणून गवत-पाला काढून केलेल्या मोकळ्या पट्ट्या) काढण्याच्या दिवसांत कार्यक्रम ठेवावा. त्या दिवशी नव्या अंगारींना, वारा फिरला तर कोणत्या बाजूने बाहेर पडायचे हे अनुभवी वनरक्षकांनी समजावून सांगावे, आणि त्यांचे बूट, पाण्याच्या बाटल्या व विम्याची कागदपत्रे सर्वांसमक्ष तपासावीत.

आपल्या पत्रात भाजलेल्या त्या दोघांचा उल्लेख एका ओळीत येऊन गेला आहे. फलकावर त्यांची नावे येणार नाहीत. परंतु समितीत त्यांना पहिल्या बैठकीपासून बोलवावे आणि त्यांना यायचे नसेल, तर पुन्हा आग्रह करू नये.