आईला ती गोळी का देत नाहीत?

"मॅडम, रिपोर्टवर चक्क 'सिव्हिअर पीएएच' लिहिलंय, म्हणजे फुप्फुसाच्या रक्तवाहिन्यांत खूप दाब. आमच्या नात्यातल्या मुलीला त्यावर सिल्डेनाफिलची गोळी चालू आहे, ती आता जिना चढते. मग आईलाच का नाही? वय झालं म्हणून?" लेक तावातावाने विचारत होती. आईवर डॉक्टरांनी पाणी सोडलंय की काय, ही तिची खरी भीती होती.

तिच्या आईला, म्हणजे मावशींना, सीओपीडी हा फुप्फुसांचा जुनाट आजार आहे. विडी कधी ओढली नाही, पण उभा जन्म फुंकणी घेऊन चुलीपुढे गेला.

तिला मनातलं सगळं बोलू दिलं आणि मग सांगितलं, की फुप्फुसाच्या रक्तवाहिन्यांतला दाब वाढलेला दिसला की, कारण कोणतंही असो, इकोच्या (हृदयाच्या सोनोग्राफीच्या) रिपोर्टात सर्रास 'पीएएच' लिहितात. त्या मुलीचा आजार बहुधा रक्तवाहिन्यांचाच असेल. मावशींचा दाब फुप्फुसं खराब झाल्यामुळे वाढलाय. जिथे हवा पोचत नाही तिथल्या वाहिन्या शरीर आपणहून आवळतं आणि रक्त चांगल्या भागाकडे वळवतं. गोळीने त्या सैल झाल्या तर रक्तातला ऑक्सिजन आणखी कमी होऊ शकतो. हृदयाची डावी बाजू अधू असेल तर याच औषधांनी फुप्फुसांत पाणी साठायची भीती. छातीत दुखण्यासाठी नायट्रेटची गोळी चालू असेल, तर सिल्डेनाफिलने बीपी धोकादायक खाली येतं. दुसऱ्याची गोळी आणून देऊ नका, हे मी कळकळीने सांगते.

काहींना रक्तवाहिन्यांचा आणि फुप्फुसांचा, असे दोन्ही आजार असतात. तिथे उजव्या हृदयात कॅथेटर घालून दाब मोजतात आणि या आजारातले तज्ज्ञ औषध ठरवतात. फुप्फुसांच्या फायब्रोसिसमुळे (फुप्फुसं कडक झाल्यामुळे) वाढलेल्या दाबासाठी श्वासावाटे घ्यायचं ट्रेप्रोस्टिनिल हे औषध अमेरिकेत २०२१ मध्ये मंजूर झालं. पण ते सीओपीडीसाठी नव्हे.

मग विचारलं, "ऑक्सिजनचं मशीन किती वेळ लावता?" लेक गप्प. मावशी म्हणाल्या, "रात्री दोन-तीन तास. बिल येतं गं. शिवाय त्याची सवय लागते म्हणे."

कागदावर दिवसाला किमान १५ तास लिहिले होते! मी त्यांचा हात धरून सांगितलं, "मावशी, सवय लागत नाही. तुमच्या दाबावर हाच उपचार आहे. तो कमी पडला की उजव्या हृदयावर ताण येतो, पाय सुजतात." त्यांनी लुगडं किंचित वर करून घोटे दाखवले. सूज होतीच. त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवायला सांगितलं.

पेटत्या गॅसजवळ ऑक्सिजनची नळी लावून जायचं नाही म्हटल्यावर मावशी हिरमुसल्या. लेकीनेच तोड काढली: भाजी निवडायची बाहेरच्या खोलीत बसून, फोडणी ती घालणार.