अमेरिकेतील डोंगराळ भागाच्या कृष्णवर्णीय लोकसंगीताचा वारसा आज कोणी जपत आहे का?

आपला प्रश्न असा आहे की, बँजो (गिटारसारखे, कातडे ताणलेले तंतुवाद्य) आणि फिडल (लोकसंगीतातील व्हायोलिन) यांवर वाजणारे पूर्व अमेरिकेतील ॲपलाचियन डोंगरांतील संगीत सर्वत्र गोऱ्या शेतकऱ्यांचे म्हणून ओळखले जात असताना त्यात कृष्णवर्णीयांचा स्वतःचा काही वारसा आहे का, आणि असल्यास तो गाण्यांतून व कथाकथनातून जपणारे कोणी आहे का. वारसा आहे, आणि जपणारेही आहेत. एकच नाव घ्यायचे झाल्यास मी गायिका व बँजोवादक रिॲनन गिडन्स यांचे घेईन. बियॉन्से यांच्या २०२४ मधील गाजलेल्या कंट्री (अमेरिकी ग्रामीण शैलीच्या) गीतातील बँजो अनेकांनी ऐकला असेल. तो गिडन्स यांनीच वाजवलेला आहे.

मुळात बँजो हे वाद्यच आफ्रिकी वंशाच्या लोकांचे आहे. पश्चिम आफ्रिकेतून गुलाम म्हणून आणलेल्या माणसांनी आणि त्यांच्या मुलाबाळांनी वाळलेल्या भोपळ्यावर कातडे ताणून ते घडवले. त्याची आखूड पाचवी तार अंगठ्याने सतत छेडली जाते आणि मूळ धुनेखाली एक स्थिर स्वर घुमत राहतो; सतारीतील चिकारीचे काम ज्यांना ठाऊक आहे त्यांच्या हे लगेच ध्यानात येईल. एकोणिसाव्या शतकात तोंडाला काळा रंग फासून कृष्णवर्णीयांची टिंगल करणारे गोरे नट हे वाद्य रंगमंचावर मिरवू लागले. पुढे १९२० च्या दशकात ध्वनिमुद्रण कंपन्यांनी आपल्या याद्यांची वर्णानुसार विभागणी केली: ब्लूज आणि जॅझ कृष्णवर्णीय ग्राहकांसाठी, तर फिडल-बँजोचे ग्रामीण संगीत गोऱ्यांसाठी. या विभागणीमुळे कृष्णवर्णीय फिडलवादकांना ध्वनिमुद्रणाची संधी फारच क्वचित मिळाली, आणि ज्याची तबकडी नाही ते संगीत नव्हतेच, असा समज पुढच्या पिढ्यांत रुजला. माझ्या मते हा वारसा विसरला जाण्याचे सर्वांत मोठे कारण हेच आहे.

लेस्ली रिडल यांचे उदाहरण या संदर्भात सांगितलेच पाहिजे. नॉर्थ कॅरोलिनातील बर्न्सव्हिल या डोंगरी गावी १९०५ साली जन्मलेल्या आणि सिमेंटच्या कारखान्यातील अपघातात एक पाय गमावलेल्या या कृष्णवर्णीय गिटारवादकाने, कंट्री संगीताचे आद्य घराणे म्हणून गौरवल्या जाणाऱ्या कार्टर कुटुंबातील ए. पी. कार्टर यांच्याबरोबर गाणी गोळा करीत गावोगाव प्रवास केला. कार्टर शब्द उतरवून घेत आणि रिडल चाल लक्षात ठेवीत. तबकड्यांवर मात्र रिडल यांचे नाव आले नाही. १९६५ च्या सुमारास संग्राहक माइक सीगर यांनी त्यांना शोधून काढले, तोवर त्यांनी वादन जवळजवळ सोडून दिले होते.

गिडन्स यांचे वेगळेपण असे की त्यांनी हा वारसा समोर बसून घेतला. त्यांचा जन्म १९७७ साली नॉर्थ कॅरोलिनातील ग्रीन्सबरोचा, आणि शिक्षण ऑपेरा गायनाचे. २००५ च्या एप्रिलमध्ये ब्लू रिज डोंगरांतील बून येथील विद्यापीठात कृष्णवर्णीय बँजोवादकांचे संमेलन भरले. तेथे डॉम फ्लेमन्स आणि जस्टिन रॉबिन्सन हे तरुण त्यांना भेटले. त्यानंतर हे तिघे दर गुरुवारी मेबेन गावी वयोवृद्ध कृष्णवर्णीय फिडलवादक जो थॉम्पसन यांच्या घरी जाऊन त्यांच्यासोबत वाजवू लागले. मी याच राज्यात राहते. ड्युरम आणि ग्रीन्सबरो यांच्या दरम्यान महामार्गावरून जाणारी किती मराठी माणसे मेबेनवरून पुढे निघून जातात, आणि तेथे काय घडले याची त्यांना कल्पनाही नसते.

थॉम्पसन (१९१८–२०१२) हे डोंगरांच्या पायथ्याकडील पिडमाँट प्रदेशातील फिडलवादक होते. त्यांचे आजोबा गुलामगिरीत जन्मलेले आणि फिडल वाजवणारे, वडीलही वाजवीत. लहानपणी हाती आलेल्या फिडलला तारा नव्हत्या, तेव्हा त्यांनी जाळीच्या दारातील तारा काढून तिला लावल्या. मक्याची कणसे सोलण्यासाठी शेजारीपाजारी जमले की काम आटोपल्यावर नाच होई, आणि त्या नाचासाठी थॉम्पसन मंडळी वाजवीत. पुढे त्यांनी फर्निचरच्या कारखान्यात नोकरी केली, पण चुलतभाऊ ओडेल यांच्या बँजोच्या साथीने हे वादन टिकवून धरले. शिकवण्याची त्यांची रीत साधी होती: ते वाजवीत राहत, आणि शिष्यांनी ऐकत ऐकत त्यात शिरायचे. नृत्यासाठीची लय कागदावरून येत नाही, ती वाजवणाऱ्याच्या मनगटाकडे पाहूनच उचलावी लागते, हे मला येथे विशेष महत्त्वाचे वाटते.

या तिघांनी ‘कॅरोलिना चॉकलेट ड्रॉप्स’ हे पथक काढले. ते नाव हॉवर्ड आर्मस्ट्राँग यांच्या ‘टेनेसी चॉकलेट ड्रॉप्स’ या जुन्या कृष्णवर्णीय पथकावरून घेतलेले आहे. त्या पथकाने १९३० साली डोंगरांतील नॉक्सव्हिल शहरात ध्वनिमुद्रण केले होते. नव्या पथकाच्या २०१० च्या अल्बमला पारंपरिक लोकसंगीताचा ग्रॅमी मिळाला.

आपण गाण्यांबरोबर कथाकथनाविषयीही विचारले आहे. गिडन्स कार्यक्रमात केवळ गाणी म्हणत नाहीत. गाणे कोणाचे, ते कोणी कोणाकडून घेतले, कोणाचे नाव मध्येच गळाले, हे त्या श्रोत्यांना सांगतात. त्यांचे एक गाणे गुलामगिरीच्या काळातील जाहिरातीवरून सुचले आहे. एक तरुणी विकणे आहे, तिला नऊ महिन्यांचे मूल आहे, आणि ते मूल घ्यायचे की नाही हे ग्राहकाच्या मर्जीवर, अशी ती जाहिरात. गिडन्स यांनी गाणे त्या आईच्या तोंडी घातले आहे. ते ऐकल्यावर इतिहासाच्या पुस्तकातील गुलामगिरीचे प्रकरण मला पूर्वीसारखे वाचता आले नाही.

ऐकायला सुरुवात करायची असल्यास प्रथम जो आणि ओडेल थॉम्पसन यांचे वादन ऐकावे आणि त्यानंतर गिडन्स व रॉबिन्सन यांचा २०२५ मधील फिडल-बँजोचा अल्बम ऐकावा. त्यातील काही धुना थॉम्पसन यांच्या, तसेच गिटारवादक एटा बेकर यांच्या घरी, उघड्यावर मुद्रित केलेल्या आहेत, आणि पक्ष्यांचे व कीटकांचे आवाज त्यांतून गाळून टाकलेले नाहीत. शक्य असल्यास हेडफोन लावून ऐकावे, म्हणजे पाचव्या तारेचा स्वर वेगळा ओळखता येतो.