ऊन पडायला सावलीचा रंग सांभाळा

प्रश्न: मी हौस म्हणून ऑइल कलरमध्ये निसर्गचित्रं करते. क्लोद मोने या फ्रेंच चित्रकाराची चित्रं बघितली की ऊन अगदी अंगावर येतं, माझ्या चित्रात पांढरा-पिवळा कितीही ओतला तरी ते पडतच नाही. हे इम्प्रेशनिस्ट लोक, म्हणजे मोनेसारखे क्षणाचा उजेड रंगात पकडणारे चित्रकार, नेमकं काय करायचे?

उत्तर: आधी सांगा, सावलीला रंग कुठला लावता? बहुतेक काळा मिसळत असाल, आणि तिथेच ऊन मरतं बघा. मोनेचं 'द मॅगपाय' नेटवर मोठं करून बघा, १८६८-६९ च्या हिवाळ्यातलं, बर्फाने भरलेलं शेत, कुंपण, आणि फाटकावर बसलेला एक पक्षी, बस. पण कुंपणाची सावली निळी-जांभळी आहे! कारण सावलीत थेट ऊन पोचत नाही, तिथे पोचतो तो निळ्या आभाळाचा उजेड, त्यामुळे ती निळीच दिसणार, आणि तिच्या शेजारी उन्हातला बर्फ जरासा पिवळसर ठेवला की दोन्ही रंग एकमेकांना उठाव देतात. शेजारचे रंग एकमेकांना बदलतात हे शेव्रल या फ्रेंच केमिस्टने १८३९ मध्येच सविस्तर लिहिलं होतं.

आता मोनेचंच 'इम्प्रेशन, सनराइज', १८७२ चं, फ्रान्समधल्या ल आव्र बंदराचं. त्याचा मोबाइलवर ब्लॅक अँड व्हाइट फोटो करून बघा, तो केशरी सूर्य जवळजवळ गायबच होतो! म्हणजे सूर्य आजूबाजूच्या करड्या आभाळापेक्षा फारसा उजळ रंगवलेलाच नाहीये, फक्त रंग वेगळा आहे, तरी तो पेटल्यासारखा दिसतो, मला हे दर वेळी बघताना भरून येतं खरंच. आणि धुकं कसं आणलंय तेही बघा, पुढची होडी गडद, तिच्या मागची फिकट, तिसरी तर नुसती पुसटशी, बंदरातल्या डोलकाठ्यांना कुठेच कडक कड नाही.

बाकी ट्यूबमधले रंग १८४१ पासून आले होते म्हणून बाहेर बसून रंगवणं सोपं झालं, आणि उजेड बदलला की मोने सरळ दुसरा कॅनव्हास घ्यायचा, गवताच्या गंजींची १८९०-९१ ची पंचवीसेक चित्रं त्यातूनच झाली.

तुम्ही पुढचं चित्र काळ्याची ट्यूब न उघडता करा, सावलीत अल्ट्रामरीन हा गडद निळा आणि थोडा तांबडा घालून बघा. फक्त ढगाळ दिवशी निळी सावली रंगवू नका हं, तेव्हा आभाळच करडं असतं.